एर्विन माउटे यांचे गंजलेले ब्रेक

आमच्या डोर्टिंगेनमध्ये एर्विन माउटे यांच्याइतकी कमी डिझेल पिणारी गाडी कुणाची नव्हती, आणि त्याचं सगळ्यात जास्त कौतुक मीच करत फिरले. कशाला खोटं बोलू? तो सोनेरी डबासुद्धा मीच रंगवला होता. आता त्याची आठवण झाली की स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

मी गुड्रुन. अल्बच्या पठारावर, गावाच्या वरच्या टोकाला माझं गॅरेज आहे. वडिलांच्या मागे मीच चालवते, पस्तीस वर्षं झाली. बाईच्या हातात गाडी द्यावी की नाही म्हणून घुटमळणारे म्हातारे एकेक करून गेले, आणि उरलेल्यांना माझ्या जिभेची सवय झाली. माउटे मात्र पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच यायचे. खालच्या विणकामाच्या कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून जन्म काढला. लिओबा, त्यांची बायको, तिथेच शिलाईला होती. मी पहिल्यांदा शाळेत गेले तेव्हा अंगात घातलेला स्वेटर तिच्याच हातचा.

तीन वर्षं, दर दुसऱ्या सोमवारी दुपारी दोनला त्यांची जुनी राखाडी गाडी माझ्या अंगणात शिरायची. टायरमध्ये हवा ठरलेल्यापेक्षा जराशी जास्तच हवी, कारण मऊ टायर रस्त्याला धरून बसतो. हवेचा फिल्टर काढून उजेडाला धरून बघायचे. छतावरचा कॅरिअर त्यांनी केव्हाच उतरवला होता, वाऱ्याला अडतो म्हणून, आणि डिकीत जॅक आणि स्टेपनी सोडून चिटपाखरू नाही. मग वाकून चारही चाकांच्या मधोमध हाताची उलटी बाजू लावायचे, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी. ब्रेक चिकटून राहिला की चाक तापतं आणि तेवढं डिझेल फुकट जातं.

त्यांचे ब्रेक चिकटणार कशाने, म्हणा. ते लावतच नसत. एकदा मी चाकं काढली तर डिस्कवर गंज चढलेला. ब्रेक वापरात असला की डिस्क घासून चकचकीत राहते, यांच्या डिस्क पावसात विसरलेल्या तव्यासारख्या. मी म्हटलं, माउटे, लोकांचे ब्रेक झिजून बदलावे लागतात, तुमचे गंजून बदलायची वेळ आलीय. ते नुसते हसले.

आणि हे सगळं चालू असताना इंजिन मात्र सुरूच. थेंबाथेंबाला जपणारा माणूस, आणि वीस-वीस मिनिटं गाडी उभ्या जागी घरघरत ठेवायचा. लिओबा मागच्या सीटवर बसलेली असायची, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, मांडीवर पर्स. मला काचेतून हात करायची. ती हल्ली विसरते, एवढं गावाला ठाऊक होतं, त्यापलीकडे माउटे काही बोलत नसत. इंजिन का बंद करत नाही, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, गार झालं की पुन्हा सुरू होताना जास्त पितं. वीस मिनिटांत इंजिन एवढं गार होत नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. तरी मी मान डोलावली.

दुसरंही एक होतं. मागच्या दारांचं कुलूप, लहान पोरांनी आतून दार उघडू नये म्हणून असतं ना, ते त्यांनी माझ्याकडून मुद्दाम नीट करून घेतलं. त्यांची लेक रेगिना पन्नाशीला आलेली, लांब ब्रेमेनला राहते, मूलबाळ नाही. मग कुलूप कुणासाठी? मी मनाशी म्हटलं, म्हातारा गाडी विकायच्या विचारात असेल, सगळं चालू स्थितीत असलं की किंमत बरी येते. झालं, विषय संपला.

आमची माणसं ही अशी. चहाची पिशवी दोनदा बुडवणारा दिसला की आम्हाला त्याच्याबद्दल आदर वाटतो. एखादा कितीही विचित्र वागू दे, त्यात चार थेंब वाचताना दिसले की पुढे कुणी चौकशी करत नाही. शहाणाच वाटतो तो. मीही त्याच मातीची.

गुरुवारी संध्याकाळी खानावळीत आमचं ठरलेलं टेबल असतं. तिथे माउट्यांची खुर्ची तीन वर्षं रिकामी होती, पण विषय त्यांचाच निघायचा. तो काढायचा कुनो. हा आमचा छपरं शाकारणारा आणि अग्निशमन दलाचा प्रमुख, आवाज असा की भोंग्याची गरज नाही. कुनो एकदा तालुक्याच्या गावापर्यंत माउट्यांच्या मागे अडकला होता. काटा साठच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणाला. लाल दिवा लांबून दिसला रे दिसला की पाय काढतात, गाडी आपली रांगत रांगत जाते, आणि पोचते तेव्हा हिरवा. एकदा नाही, सातही सिग्नलना. म्हाताऱ्याने सिग्नलला लाच चारलीय, असं म्हणून कुनोने टेबलावर हात आपटला आणि आम्ही सगळे खिदळलो.

त्यातूनच ती कल्पना निघाली. जुलैच्या शेवटच्या रविवारी दलाचा उत्सव असतो, त्यात माउट्यांना बक्षीस द्यायचं. माझ्याकडे वडिलांच्या वेळचा डिझेलचा पत्र्याचा डबा होता. मी तो घासला, त्यावर सोनेरी रंग फवारला, नाव घातलं. आमंत्रण द्यायला कुनो गेला तेव्हा माउटे दोनदा नाही म्हणाले. कुनोला वाटलं लाजतायत. शेवटी ते म्हणाले की चौकातून गाडी घेऊन जाईन, थांबणार नाही. कुनो परत येऊन सांगत होता, ऐका, थांबलं की पुन्हा निघायला डिझेल लागतं ना, म्हणून थांबणार नाही म्हणतो. हसून हसून आमची पुरेवाट.

त्या दिवशी चौकात निम्मं गाव होतं. बँड वाजत होता, बाकांवर बिअरचे पेले. तीनच्या सुमारास राखाडी गाडी आली, आणि ती आत शिरल्याबरोबर कुनोच्या माणसांनी दोन्ही बाजूंनी बाक ओढून रस्ता बंद केला. थट्टाच होती. माउट्यांनी समोर बाक पाहिले आणि गाडी कारंज्याभोवती वळवली. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन. लोकांनी बँडच्या तालावर टाळ्या धरल्या. मीही धरल्या. खिडकीतून मला त्यांचा चेहरा दिसला होता, घामाने डबडबलेला. मला वाटलं उन्हाने.

चौथ्या फेरीला कुनो हात पसरून समोर उभा राहिला. गाडी थांबली. कुनोने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, आणि मी पुढे होऊन तो सोनेरी डबा माउट्यांच्या हातात कोंबला.

लिओबा ओरडली. तसं ओरडणं मी माणसाचं कधी ऐकलं नव्हतं. दोन्ही तळव्यांनी ती काच बडवत होती, दाराचा खटका खटाखट ओढत होती, आणि दार उघडत नव्हतं, कारण ते कुलूप मीच नीट केलं होतं. बँडवाले एकेक करून गप्प झाले. कुनोने घाबरून बाहेरून दार उघडलं तशी ती खाली पडली, उठली, आणि बाकांमधून वाट शोधत धावायला लागली. मला घरी जायचंय, म्हणत होती, आई वाट बघतेय, मला सोडा. शहात्तर वर्षांची बाई. माउट्यांनी तिला गाठलं, एका हाताने धरलं. दुसऱ्या हातात तो डबा तसाच होता, खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

"बाक हलवा," ते म्हणाले. "हात जोडतो, बाक हलवा."

गाडी चौकाबाहेर पडली आणि वळणापर्यंत जायच्या आत तिचं ओरडणं थांबलं. आम्ही सगळे उभे होतो ते उभेच.  नंतर मी तो डबा कारंज्यामागे पडलेला पाहिला, उचलून घरी नेला आणि भंगारात फेकला.

पुढच्या सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारी सकाळी मीच गेले. दार उघडायला वेळ लागला, कारण आतून तीन कड्या. स्वयंपाकघरात मसूर शिजत होते. खिडक्यांच्या मुठी काढून ठेवलेल्या, शेगडीच्या कळा काढून त्यांच्या खिशात. लिओबा टेबलाशी बसून एकाच रुमालाची घडी घालत होती, उलगडत होती. माझ्याकडे बघून गोड हसली, ओळख मात्र नाही. 

मी माफी मागायला गेले होते, ती राहिलीच बाजूला. ते स्वतःच बोलायला लागले. तीन वर्षांत कुणाशी बोलले नसावेत इतकं. जेवण झालं की लिओबाला घरी जायचं असतं. हे घर तिचं नाही, तिचं घर डॅन्यूबच्या काठचं, जे पन्नास वर्षांपूर्वी पाडलं. घरात कोंडलं तर भिंतीवर डोकं आपटते. गाडीत बसवून निघालं की शांत. कुठे निघालोय विचारते, ते म्हणतात घरी, आणि ती गुणगुणत बसते. पण गाडी थांबली म्हणजे पोचलो, आणि दाराबाहेर बघावं तर ते घर नाही. मग तो आकांत. तुझ्या अंगणात इंजिन चालू ठेवलं तर थोडा वेळ निभतं, म्हणाले, तिला वाटतं काहीतरी दुरुस्ती चाललीय, मग निघू. रस्त्यात थांबलं तर मात्र नाही.

म्हणून रोज दोन ते पाच. पाचच्या सुमारास तिला डुलकी लागते तेव्हा गाडी घरी आणायची. एकच मोठा वळसा, तालुक्याच्या गावातून, नदीच्या कडेने, परत वर. सातही सिग्नल किती वेळ लाल आणि किती वेळ हिरवे, त्यांना तोंडपाठ. रेल्वेचं फाटक कधी पडतं तेही. आणि एवढं रोज चालवायचं तर डिझेल पुरायला हवं, म्हणून हळू, म्हणून टायर, म्हणून फिल्टर. योगायोग असा की जे केल्याने डिझेल वाचतं तेच केल्याने गाडी थांबत नाही. लांबचं बघायचं, आधी पाय उचलायचा, ब्रेकला पाय लावायचा नाही.

"मला दुपारी बाराच्या पुढे पाणी पिता येत नाही, गुड्रुन," ते म्हणाले. "उतरायचं कुठे? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे मी. कधी कधी वाटतं, खालच्या वळणावर स्टिअरिंग फिरवूच नये."

मी विचारलं, "मग?"

"मग आठवतं, पुढचे दोन्ही टायर नवे आहेत."

आम्ही दोघंही हसलो. मग मला हसल्याची लाज वाटली आणि मी मसूर ढवळायला उठले. पहिल्या वर्षी फार जड गेलं, ते माझ्या पाठीमागून सांगत होते. गाडी कुठेही उभी केली की त्यांना रडू फुटायचं, स्टिअरिंगवर डोकं ठेवून, तिच्यासमोरच. आता तसं काही होत नाही, म्हणाले. आता थांबतोच कुठे.

उत्सवातली गोष्ट रेगिनाच्या कानावर गेली होती. तिने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की हे आता पुरे. तालुक्याच्या गावातल्या वृद्धाश्रमात आईसाठी जागा मिळाली होती, एक नोव्हेंबरपासून. पप्पांनी ऑक्टोबर संपायच्या आत हो किंवा नाही कळवायचं. मी म्हटलं, चांगलं आहे की, तुम्हालाही श्वास घेता येईल. माउट्यांनी मान वर केली नाही. तिथे दारं बंद असतात, म्हणाले, आणि तिला फिरवायला कुणी नाही. मी बघून आलोय.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, त्यांचं हो की नाही होईना. मी दर खेपेला विचारायची आणि ते चाकांना हात लावून बघायचे. माझा तर संताप व्हायचा. त्यांच्यावर नाही, कशावर तेच कळत नसे, मग हातातले पाने आपटायची.

ऑक्टोबरच्या मध्यावर त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. वयामुळे नजर तपासून घ्यायला डॉक्टरने बोलावलं होतं, आणि नजर गेली तर सगळंच संपलं. पण वेळ मिळाली दुपारी तीनची. लिओबाला कोण नेणार? ते माझ्याकडे आले. मी म्हटलं, मी नेते, त्यात काय. तर म्हणाले, आधी मला तुझं चालवणं बघू दे. पस्तीस वर्षं मी गाड्या दुरुस्त करतेय आणि हा माणूस माझी परीक्षा घेणार! पण गेले मुकाट्याने.

रविवारी सकाळी शेजारीण लिओबाजवळ बसली आणि आम्ही दोघं निघालो. पहिल्याच वळणाला मी ब्रेक दाबला तर त्यांनी च्च केलं. उतारावर मी गाडी न्यूट्रलला टाकली, तर म्हणाले, गिअरमध्येच ठेव, पाय काढ, चाकंच इंजिनला फिरवतात, मग इंजिन काही पितच नाही, न्यूट्रलला मात्र पितं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, गिऱ्हाइकांना मीच सांगते. करत मात्र कधी नव्हते. पुढच्या गाडीच्या मागे चिकटू नकोस. तिच्या पुढची बघ, आणि तिच्याही पुढची. वेग आला की लगेच वरचा गिअर. एसी नको, काच थोडीशीच खाली. औषधांच्या दुकानाजवळचा सिग्नल हिरवा दिसला तर घाई करायची नाही, तो तू पोचायच्या आत लाल होणारच, त्यापेक्षा लिंडनच्या झाडाभोवती तो चौथरा आहे ना, तिथेच पाय उचल. मी उचलला. गाडी रांगत गेली, सिग्नल लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, आणि आम्ही न थांबता पार.

"जमेल तुला," ते म्हणाले. "फक्त आरशात बघून बोल तिच्याशी. मागे वळू नकोस."

गुरुवारी दुपारी मी निघाले. आरसा तिच्या तोंडावर येईल असा लावलेला. लिओबाने विचारलं कुठे निघालो, मी म्हटलं घरी. बरं, म्हणाली, आणि गुणगुणायला लागली. खोटं बोलणं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. पहिला सिग्नल, दुसरा, गोल चौक, तिसरा. माझे हात घामाने स्टिअरिंगला चिकटत होते. तासाभराने मला कळलं की मी खांदे कानापर्यंत ओढून बसलेय, आणि पाय आखडलाय, आणि अजून दोन तास आहेत. बाहेर माणसं दुकानापाशी उभी होती, कुणी ब्रेड घेत होतं, कुणी नुसतंच बोलत होतं. त्यांच्या उभं राहण्याचा मला हेवा वाटला. हे ते रोज करतात, तीन वर्षं. मला एका तासात दार उघडून पळावंसं वाटत होतं.

पाचव्या सिग्नलला कचऱ्याची गाडी आडवी आली. मी चौथ्या गिअरमध्ये, पाय उचललेला, गाडी रांगतेय, आता हलेल, मग हलेल, म्हणून खालचा गिअर टाकायला उशीर केला. गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. पस्तीस वर्षांत माझ्या हातून गाडी बंद पडल्याचं मला आठवत नाही.

शांत झालं सगळं. गुणगुणणं थांबलं. मी आरशात पाहिलं. लिओबाचा हात काचेवर गेला होता. किल्लीवर हात ठेवून मी तिच्याकडेच बघत राहिले. ती पुढे वाकली आणि आरशातून माझा चेहरा निरखायला लागली, सुईत दोरा ओवताना बघावं तशी.

"तुम्ही रडत नाही?" तिने विचारलं.

"मी? मी कशाला रडू?"

"तो माणूस रडतो. गाडी थांबली की रडतो." काचेवरचा हात तिने खाली घेतला. "म्हणून मी थांबू देत नाही त्याला. ओरडलं की चालू करतो."

"कोण माणूस, लिओबा?"

"चालवतो तो. चांगला आहे हो. पण त्याला घर नाही वाटतं." मग हळूच, कुणी ऐकू नये अशा आवाजात, "मला माझ्या घरी जायचंय. पण त्याला एकटं कसं सोडू?"

मागच्या गाडीने भोंगा वाजवला. कचऱ्याची गाडी केव्हाच गेली होती. मी किल्ली फिरवली, निघाले, आणि उरलेला वळसा कसा पूर्ण केला ते मला सांगता येणार नाही. ती पुन्हा गुणगुणत होती. त्या दिवशी तिला डुलकी काही लागली नाही.

आजारी बाईचं बोलणं, त्यात किती खरं आणि किती नाही, देव जाणे. मी ते पोटात ठेवायला हवं होतं का? अजूनही ठरत नाही. पण मी पोटात ठेवणारी बाई नाही. माउटे माझ्या अंगणात वाट बघत होते, बसने परत आले होते. डोळे अजून चालतील म्हणाला डॉक्टर, त्यांनी सांगितलं, आणि लगेच वाकून पुढच्या चाकाला हात लावला. मी इंजिन चालू ठेवून उतरले, त्यांना भिंतीपाशी नेलं आणि लिओबा जे बोलली ते शब्दन् शब्द सांगितलं.

 ते माझ्या कंप्रेसरकडे बघत राहिले. मग जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले, आरसा नीट केला, आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

 लिओबा पुढे वाकली. आरशात तिने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी तिच्याकडे. माउटे हसत होते. ओढूनताणून आणलेलं हसू, पण हसू. ती बघत राहिली, आणि तिचा हात मांडीवरच्या पर्सवरून हलला नाही. अंगणात इतकी शांतता होती की गरम इंजिनची टिकटिक ऐकू येत होती. माझ्या मनात आलं, सुटले. दोघंही सुटले. आता हा माणूस दुपारी चार वाजता पाणी पिऊ शकेल.

पण तीन वर्षांत त्यांच्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं ना. ती तशीच बघत राहिली, काळजीने, जुन्या लिओबासारखी, आणि त्यांची हनुवटी थरथरली. त्यांनी दात आवळलेले मला दिसले. एवढा जोर लावला त्या माणसाने, एवढा जोर लावला, आणि तरी डोळे भरून आलेच.

लिओबाचे दोन्ही तळवे काचेवर आदळले आणि ती किंचाळली.

माउट्यांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं तशी ती गप्प झाली, मागे टेकली, आणि पर्सचा चाप उघडून पुन्हा लावला. बाहीने तोंड पुसून त्यांनी काच खाली केली.

"रेगिनाला आज कळवतो," ते मला म्हणाले. "नाही म्हणून."

मी म्हटलं, "हवा बघायची राहिली टायरची."

"सोमवारी बघू. आता निघायला हवं, अजून ऊन आहे."

लिओबाने काचेतून मला हात केला. गाडी अंगणाबाहेर पडली आणि उताराला लागली. खालच्या वळणाच्या बऱ्याच अलीकडे त्यांनी पाय उचलला असणार, कारण गाडी वळून गेली तरी मागचे ब्रेकचे लाल दिवे लागलेच नाहीत.